गळालेला एक

दिवा राहू दे चालू. ऐका, पण मधे फाटे फोडू नका.

हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. जुनी यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. माझी मेहुणी म्हणते, या माणसाला बायकोपेक्षा तारांचं बोलणं जास्त कळतं. तर गेल्या नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. रात्री साडेअकराला स्कूटरच्या डिकीत एक मोडेम टाकून तो धरणावरच्या चौकीकडे निघाला.

चौकीत एक जुनाट टर्मिनल आहे. नुसता पडदा आणि कीबोर्ड. खरा कॉम्प्युटर शहरातल्या ऑफिसात. मधे टेलिफोनची तार आणि दोन्ही टोकांना मोडेम. पाणी खुणेच्या वर किती सेंटिमीटर चढलंय ते पहारेकऱ्याने टाइप करायचं आणि ऑफिसचा हुकूम आला की दरवाजे उघडायचे. मागे चौकीतला मोडेम जळाला. त्या म्हाताऱ्या टर्मिनलशी जुळेल असा संथ मोडेम बाजारात मिळेना, म्हणून साडूने नवा, वेगवान बसवला.

"साहेब, मधेच एखादा आकडा गळतो हो," पहारेकरी म्हणाला होता.

"चालेल. जुना सापडला की बदलू," असं म्हणून साडू घरी आला आणि विसरून गेला.

ऑगस्टात पाणी चढलं. पहारेकऱ्याने टाइप केलं, एकशे बारा. ऑफिसात पोचले बारा. तिथे रात्रपाळीला पहारेकऱ्याचीच मुलगी होती. तिने बारा वाचले आणि 'ठीक' असं कळवलं. मोबाइलला तिथे रेंज नाही. पहारेकरी हुकमाची वाट बघत बसला, आणि चौकीत पाणी शिरलं... त्यातच तो गेला.

लोक म्हणाले, पोरीने नीट वाचलं नाही. हळूहळू तिलाही तसंच वाटायला लागलं. खरं काय ते एकट्या साडूला ठाऊक, आणि तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून शेवटी त्याने जुळणारा मोडेम शोधला. बसवायला मात्र रात्री गेला. दिवसा कोणी बघितलं, विचारलं, तर काय सांगणार होता?

चौकी रिकामी होती. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याचा डाग. टर्मिनल वाळवून परत चालू केलेलं. त्याने मोडेम जोडला, एकशे बारा टाइप केलं. ऑफिसातून फिरून पडद्यावर एकशे बाराच उमटलं. त्याला जरा हायसं वाटलं.

मग खालच्या ओळीत अक्षरं उमटली. इंग्रजी लिपीत, पण मराठी.

'चालेल का?'

ऑफिसातून पोरगीच विचारतेय, असं त्याला वाटलं. त्याने टाइप केलं, 'कोण?'



'चालेल का?'

त्याने टेलिफोनची तार उपटली. तार हातात. पडद्यावर पुन्हा...

'चालेल का?'

हात कीबोर्डवर जाईना. तो मोठ्यानेच बोलला. "नाही... नाही चालणार. चूक माझी होती."

पडदा काळा झाला.

तो मोडेम उचलून बाहेर पडला. डिकीत कोंबला. वाटेत कुठे थांबला नाही, थेट ऑफिस गाठलं. पोरगी एकटीच कॉम्प्युटरसमोर बसली होती.

"पोरी, तू वाचलंस ते बरोबर होतं," तो म्हणाला. "एक आकडा मोडेमने खाल्ला. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

ती रागावली नाही की रडली नाही.

"काका, चौकीतला मोडेम आता चालू आहे ना?"

"नाही गं. तो माझ्या डिकीत आहे."

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. चौकीकडून नुकतीच आलेली ओळ होती. एकशे बारा.

त्या ओळीखाली, 'आता दिसतंय का?'

आणि त्याच्या खाली तिने स्वतः लिहिलेलं उत्तर.

'दिसतंय, बाबा.'