मागच्या काचेवरचा ठोका

खोटं वाटेल, पण आमचे भावोजी तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातले नाहीत. आणि हे घडलं ते भरदुपारी, लख्ख उन्हात, वाहत्या रस्त्यावर.

भावोजी अँब्युलन्स चालवतात. त्या दिवशी बदलीचा ड्रायव्हर आला नाही, म्हणून रात्रपाळीला जोडून दिवसपाळीही त्यांच्याच गळ्यात पडली. सोबतीला मदतनीस काका. पेशंट उतरवला की काका रिकाम्या स्ट्रेचरवर आडवे व्हायचे. पुढच्या-मागच्यांची खूण मधल्या काचेवर ठरलेली. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

हॉस्पिटलमधून रिकामे परतताना भावोजींचा डोळा लागला...

ठक.

त्यांनी दचकून ब्रेक दाबला. पुढचा ट्रक हातभर अंतरावर होता.

खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण डुलकीवरून त्यांना आधीच ताकीद मिळाली होती, पुन्हा सापडले तर नोकरी जाणार होती. म्हातारा झोपेचं सोंग घेऊन पाळत ठेवतोय, साहेबांचे कान भरणार, अशी शंका त्यांना आली.

थोड्या वेळाने पुन्हा पापणी जड झाली...

ठक.

आता मात्र त्यांचं डोकं फिरलं. गाडी कडेला घेऊन त्यांनी मागचं दार उघडलं.

काका घोरत होते. छातीवर पट्टा, गुडघ्यांवर पट्टा, दोन्ही हात पट्ट्याखाली आवळलेले.

हलवून उठवलं, तर काकाच चिडले. "मला कशाला बांधून ठेवलंस रे?"

"मी तर पुढे होतो, काका."

काकांचे पट्टे सोडताना दोघांची नजर शेजारी गेली.

स्ट्रेचरशेजारी नातेवाइकासाठी घडीची सीट असते. माणूस उठला की ती आपोआप वर जाते.

ती खाली होती...

आणि दोघांच्या देखत खटकन वर गेली.

काका पुढे येऊन बसले. मागे आता कुणीच नव्हतं. भावोजींनी किल्लीला हात लावला, तोच काच वाजली...

ठक. ठक.

ताई म्हणते, कुणी का असेना, जीव वाचवला तुमचा. भावोजींना ते पटत नाही.

"वाचवायचं असतं तर 'चल' कशाला म्हटलं असतं? त्याला कुठेतरी जायचंय. म्हणून मी जागा हवा होतो."

परवा दुपारी ते घरी सोफ्यावर झोपले होते. मागच्या भिंतीवर दोन ठोके पडले. ताईने ऐकले, मीही ऐकले. भावोजी झोपेतच उठले आणि किल्ली चाचपू लागले.

तेव्हापासून किल्ली ताईजवळ असते. आता डोळ्याला डोळा लागत नाही तो तिचा.