पावलाखालचं पाऊल

दोन हजार सातच्या जुलैत ग्रीन कार्डसाठी झुंबड उडाली, तेव्हा टेक्सासमधल्या प्लेनोतल्या आम्हा मंडळींची त्यासाठीच्या मेडिकल तपासणीलाही रांग लागली. माझी टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. लहानपणी बीसीजी टोचलेल्यांची अनेकदा येतेच. एक्स-रे साफ होता, तरी खबरदारी म्हणून डॉक्टरीणबाईंनी नऊ महिन्यांच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी नसा बिघडू नयेत म्हणून सोबत बी-सिक्स घ्यायला बजावलं. व्हिटॅमिनं म्हणजे थोतांड, असं ठरवून मी ती बाटली उघडलीच नाही.

फेब्रुवारीत पाय बधिर झाले. चप्पल निसटली तरी कळेना. बाईंनी गोळ्या बंद केल्या आणि पेडल जाणवेपर्यंत ड्रायव्हिंगला मनाई केली. प्लेनोत गाडी नाही म्हणजे नोकरी नाही, आणि नोकरी गेली की कार्डही गेलं. बायकोला, स्वानंदीला, ड्रायव्हिंग येत नव्हतं. रोज ऑफिसला सोडणारा शैलेंद्रही तोंड वाकडं करू लागला होता.

एप्रिलमधल्या एका दुपारी घरी एकटाच होतो. ड्रायर थांबला, घर एकदम शांत झालं. कपडे काढायला अनवाणी उठलो आणि तळव्यांना काहीतरी लागलं. केवढा आनंद झाला! पण ते कार्पेट नव्हतं. गार, ओलसर कातडी होती. बोटं होती, टाच होती. लहानपणी बाबांच्या पावलांवर पाय ठेवून चालायचो, अगदी तसं... मी थांबलो. माझे पाय आणखी एक पाऊल चालले.

भुताबितांवर माझा विश्वास नाही. बऱ्या होताना नसा चुकीचे निरोप देतात, एवढं मला ठाऊक होतं. बाईंकडच्या पुढच्या तपासणीत मी डोळे मिटले. बाई माझ्या पायाचा अंगठा वर करायच्या, खाली करायच्या, मी ओळखायचो. वीसपैकी वीस! फक्त त्यांचा हात लागण्याआधीच मला उत्तर कळत होतं. ते मी सांगितलं नाही. मला गाडी हवी होती.

दुसऱ्या दिवशी स्वानंदीला घेऊन ऐटीत ग्रोसरीला निघालो. पहिल्या सिग्नलला ब्रेक अलगद लागला.

"बघ, कसा ड्राइव्ह करतो!"

सिग्नल सुटेलसं वाटून मी पाय उचलला. गाडी जागची हलली नाही.

स्वानंदी खाली बघत होती. "अरे... तू पाय उचललास ना?"

"हो. का?"

"मग ब्रेक... दाबलेलाच कसा?"

सिग्नल अजून लाल होता. समोरून आडवे ट्रक धडधडत जात होते. ब्रेक सावकाश वर आला, आणि शेजारचं ॲक्सिलरेटरचं पेडल आत जाऊ लागलं.