अनंतचं सामान

"एकटा गेलास ना, तर तिकडेच राहा. परत यायचं नाही."

आई कणीक मळत होती. मान वर न करता बोलली.

"एकटा नाही चाललो!" मी ओरडलो. "अनंत येतोय!"

"कोण अनंत?"

आता ऐका. इथून पुढचं सगळं खरं आहे. मला रंगवून सांगता येत नाही. नववीत शाळा सोडलेला माणूस आहे मी, निबंधाला कायम दोन मार्क. राहायला विश्रांतवाडीत. दसऱ्याला चौदा दिवस होते, मंगळवार होता, संध्याकाळचे सात वाजले होते. आणि तोपर्यंत...

अनंत नावाचा एकही माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

खिडकीतून समोरचा टेम्पो दिसत होता. त्याच्या काचेवर लिहिलं होतं, 'अनंत'. ते वाचलं आणि ठोकून दिलं.

"खडकीचा आहे. क्वार्टर्समधला. वडील फॅक्टरीत आहेत."

मला सायकलवर नागपूरला जायचं होतं. दसऱ्याला दीक्षाभूमीला पोचायचं. आठ दिवस, सातशे किलोमीटरच्या वर. मागे टेम्पो नाही, गाडी नाही. तंबू, स्टोव्ह, हत्यारं, सगळं स्वतःच्या सायकलवर लादून. माझा मित्र प्रज्ञेश येणार होता. आम्ही दोघांनी सहा महिने प्लॅन केला. मग त्याला कोथरूडला एका क्लासमध्ये नोकरी लागली.

"सुट्टी नाय मिळत यार."

मी त्याच्या सायकलची हवा सोडून आलो. दोन्ही चाकांची.

आईचं म्हणणं असं की माझं काहीच पूर्ण होत नाही. शाळा अर्धी, गॅरेजचं काम अर्धं. म्हणून हे एक मला पुरं करायचं होतं. पण एकट्याला ती सोडणार नव्हती.

आणि खरं सांगू का... आठ दिवस एकट्याने जायला मलाही नकोच होतं.

आई सहज फसत नाही. त्याच दिवशी जेवताना म्हणाली, "यादी दाखव. कोण काय नेणार? दोघांनी दोन पंप कशाला ओढायचे?"

वहीत दोन रकाने केले. माझ्या नावाखाली तंबूचं कापड, कपडे, गोधडी. अनंतच्या नावाखाली पंप, पंक्चरचं सामान, स्टोव्ह, तंबूच्या काठ्या.

आईने वाचलं. पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी गेली.

सगळं मीच माझ्या पिशव्यांत भरलं. दुसरं कोण भरणार?

बुधवारी सुप्याला फोन लावला, आमचा पहिला मुक्काम तिथे होता. तिथे सर्जेराव नावाच्या काकांचा ढाबा आहे, ते मागच्या मोकळ्या जागेत तंबू टाकू देतात. आई त्यांना कधीही फोन करेल म्हणून मी सांगायला गेलो, "काका, एकटा नाही, दोघं..."

"दोघं ना? कळलं की. अनंतने सकाळीच सांगितलं."

मला वाटलं, आईनेच केला फोन.

"काका, बाईचा आवाज होता का?"

"काय राव, येडा समजतो का मला? पोरगं होतं. म्हणलं, आम्ही दोघं सोमवारी येतोय. लई कमी बोलतं तुमचं पोरगं."

मी आईचा मोबाईल तपासला. सुप्याला फोन गेलेलाच नव्हता.

गुरुवारी दुपारी सामान लादून ट्रायल घ्यायला निघालो. आळंदी रोड, दिघीकडे. ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती. भीती वाटावी असं काहीच नव्हतं.

चढ लागला. सायकल जड. मी दात-ओठ खाऊन पायडल मारत होतो.

तेव्हा मागून आवाज यायला लागला...

टिक टिक टिक टिक.

सायकलवाल्यांना माहितीये हा आवाज. पाय थांबवले आणि चाक नुसतं फिरत राहिलं की फ्रीव्हील वाजतं. उतारावर.

चढावर पाय थांबवले तर सायकल आडवी होते.

मी वळून बघितलं. कुणी नाही.

पुढे बघितलं की परत... टिक टिक टिक. अगदी मागच्या चाकाला चाक लावून.

मग कोणीतरी हळूच म्हणालं, "ट्रक."

ग्रुपमध्ये मागचा माणूस पुढच्याला असंच सांगतो. मी डावीकडे दाबली. पुढच्या सेकंदाला ट्रक एवढ्या जवळून गेला की माझी मागची पिशवी हलली.

मी खाली उतरलो. सायकल ढकलत घरी आलो. आवाज घरापर्यंत आला.

प्रज्ञेशचीच चेष्टा असणार, दुसरं कोण? त्याला फोन केला आणि आधी दोन शिव्या घातल्या.

"मी कशाला करू रे?" तो म्हणाला. "पण बघितलं तुला आज. क्लासचे बोर्ड लावायला दिघीला आलो होतो. हाक मारणार होतो... मग बघितलं, मिळाला की तुला पार्टनर."

"कोण पार्टनर? दिसतो कसा?"

"मागे होता तुझ्या. भारी आहे पण. चढावर एकदाही पायडल मारला नाही त्याने."

"प्रज्ञ्या, ऐक ना, तू चल. दोन दिवस तरी चल."

"आता कशाला मी? आहे ना तो." फोन ठेवला त्याने. परत उचलला नाही.

रविवारी संध्याकाळी बाहेरून आलो, तर आई एकदम खुशीत.

"अनंत येऊन गेला. गुणी आहे हो पोरगा. तुझ्यासारखा उर्मट नाही. चहा नको म्हणाला, पाणी नको म्हणाला."



"कशाला आला होता?"

"त्याचं सामान न्यायला. यादीप्रमाणे."

पिशव्या उघडल्या. पंप नाही. पंक्चरचं सामान नाही. स्टोव्ह नाही, काठ्या नाहीत. माझं सगळं जागेवर.

वही उघडी पडली होती. अनंतच्या रकान्यात प्रत्येक वस्तूसमोर पेन्सिलने बारीक खूण...

आमच्या घरात पेन्सिल नाही.

"आई, दिसायला कसा होता?"

"कसा म्हणजे? आत्ता तर..." ती थांबली. तिला आठवेना. "चांगला होता."

मग मी सगळं सांगून टाकलं. अनंत नाहीये, मी थाप मारली, टेम्पोवरचं नाव वाचलं. आवाज चढला माझा, रडूही आलं.

आई अंथरूण घालत होती.

"झालं? वाटच बघत होते मी. उद्या निघायचं म्हटल्यावर पाय मागे. शाळेच्या वेळीही असंच रडला होतास." चादर ओढून घेता घेता म्हणाली, "त्या पोराने तुझ्या भरवशावर सुट्टी काढलीय."



आत्ता सोमवार आहे. सकाळचे सहा वाजलेत, चांगलं उजाडलंय. मी जिन्यात बसून हे टाईप करतोय. आई मघाशी दोन डबे घेऊन खाली गेली होती, मोकळ्या हाताने वर आली. म्हणाली, एक तुझ्या सायकलला बांधलाय, एक त्याच्या.

वरून वाकून बघितलं. खाली माझी एकटी सायकल उभी आहे.

तिला एकही डबा नाही.

नाही गेलो, तर आईसाठी मी कायम अर्धवटच. गेलो, तर वाटेत चाकाची हवा गेल्यावर पंप मागायला एकच जण असणार. रात्रभर हाच हिशोब चालला होता डोक्यात. तुमच्यापैकी कुणी असं कधी ऐकलं असेल तर लिहा. मी सुप्याला पोचलो तर वाचेन.

आता खालून कुणीतरी माझं नाव घेतलं. ओरडून नाही... सहज, जवळचा माणूस घेतो तसं.

इतके दिवस कुणी तसं घेतलं नव्हतं.

निघतो. निघायला लागतंय मला.