मेलेल्या बाईचं उखळ

चुलीवरचा माळा रिकामा होता.

याटा खाली उभी राहून वर बघत होती. काजळीनं काळे पडलेले बांबू, बाकी काही नाही. तिची आई बायंदू दर वर्षी भाताच्या निवडक लोंब्या जुड्या बांधून तिथे टांगायची. धुरानं कीड लागत नाही. ते बियाणं. घरात शिजवायला दाणा नसला तरी त्याला कुणी हात लावत नाही.

बायंदू इबोलानं गेली. घराला कुलूप लागलं आणि याटा मामीच्या घरात, रोग पसरू नये म्हणून घराभोवती बांधलेल्या दोरीआड कोंडली गेली. आज दोरी सुटली होती. पाऊस तोंडावर आला होता. बी नाही तर पेरा नाही, आणि तिचा जमिनीचा तुकडा पडीक राहिला की बळकवायला काका टपून बसला होता.

"तिनंच खाल्लं," शेजारीण मुसू दाराबाहेरूनच म्हणाली. "ती गेल्यावरही कातरवेळी या बंद घरातून कांडल्याचा आवाज यायचा. सगळ्या कोइंडेमा गावानं ऐकलाय. उपाशी गेली गं बाई."

तिच्यामागून टेने आत आली. मोआ नदीच्या काठच्या बाजारातल्या बायकांची ती पुढारीण. रोगानं बाजार बंद झाले, रस्ते अडले आणि भात घ्यायला आलेली टेने या गावातच अडकली.

"आवाज कसा यायचा?" टेनेनं विचारलं.

"कांडल्याचा."

"कसा, ते सांग."

"दोन घाव. मग मुसळ काठावर आपटायचं. मग थांबायचं. दमलेला हात."

"आणि जिवंतपणी बायंदू कशी कांडायची?"

"तिच्या मुसळाच्या ठेक्यावर आम्ही गाणी म्हणायचो."

"मग मेल्यावर कांडायला विसरली?"

"मेलेल्यांची चेष्टा नको मावशी. मी इथंच राहते."

टेने याटाला घेऊन निघाली. वांडी वाटेतच भेटला. रोगसमितीचा माणूस. बंद घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे, मदतीचा तांदूळ वाटायचं काम त्याच्याकडे, आणि पायांत ते पांढरे रबरी बूट, गावात सगळ्यांना धडकी भरवणारे.

"बायंदूचं बी कुठंय?" टेनेनं विचारलं.

"जाळलं. गादी, कपडे, भात, सगळं. फवारणीवाल्यांचा हुकूम होता."

"बाकीच्या बंद घरांचं?"

"तेही. तो बघ खड्डा."

"तू स्वतः जाळलंस?"

"मग काय तू येणार होतीस? बाजार भरवून रोग गावोगाव पोचवला तुम्ही बायांनी. निस्तरतो मी."

टेने खड्ड्याशी गेली. राख, वितळलेली बटणं, चपलेचा तळ. काठावरून कोंबड्या चालल्या होत्या. एकीनंही मान खाली घातली नाही.

"दोरीआड काय खाल्लंस गं?" तिनं याटाला विचारलं.

"मदतीचा तांदूळ. वांडी पोतं दोरीपाशी ठेवायचा." याटा घुटमळली. "मावशी, हसू नकोस. पेज शिजायला लागली की आई यायची. तिच्या चुलीचा वास घरभर पसरायचा. मामी म्हणायची, पोरीच्या डोक्यात ताप गेलाय."

"पोतं आहे अजून?"

मामीच्या घरी पोत्याच्या तळाशी मूठभर तांदूळ उरला होता. टेनेनं तो तळहातावर घेतला, हुंगला. मग फडक्यात बांधला.

दुसऱ्या सकाळी चीफ कपानाच्या बैठकीच्या छपराखाली गाव जमलं. मधोमध उखळ. त्यात टेनेनं गावातूनच आणलेलं ओंजळभर भात टाकलेलं.

"वांडी, कांड," टेने म्हणाली.

बायका खदखदल्या. वांडीची बायको म्हणाली, "हा? घरी पाण्याचा गडू उचलत नाही."

"चीफ, हा माझा अपमान आहे," वांडी म्हणाला.

"अपमान मी मोजतो," चीफ म्हणाला. "तू कांड."

वांडीनं मुसळ उचललं. घाव. घाव. मग मुसळ काठावर आपटलं. तो थांबला. पुन्हा दोन घाव, पुन्हा काठ.

हसू कधी थांबलं ते कळलंच नाही. मुसू उठून उभी राहिली होती, तोंडावर हात दाबून. "हीच," ती म्हणाली. "बायंदू हीच."

"बायंदू नाही, हा," टेने म्हणाली. "आपल्यात पुरुष कांडत नाहीत, म्हणून भुताचा हात असा. भात आगीत पडलं तर त्याच्या लाह्या फुटतात, खड्डाभर उडतात. मग कोंबड्या तिथून हलल्या असत्या? खड्ड्यात भाताचा दाणासुद्धा पडला नाही. यानं बी उतरवलं आणि मेलेल्यांच्या घरात कांडलं, कारण तिथं यायची कुणाची छाती नव्हती. भूतही यानंच पोसलं."

"पण बी कांडून काय करायचं?" चीफनं विचारलं.

"मदतीचा पांढरा तांदूळ नदीपार विकायचा. बाजार बंद, भाव चढलेला. घेणारी माझ्याच बाजारातली असेल, तिला मी बघते. रिकाम्या पोत्यात हे भरायचं." तिनं फडकं सोडलं. "न उकडता कांडलेलं, म्हणून चुरा. माळ्यावरचं, म्हणून धुराचा वास. मदतीच्या तांदळाला कुठल्या चुलीचा वास येईल?"

वांडी म्हणाला, "सगळे भुकेले होते. खायला तर मीच घातलं ना?"

"घातलंस की. ज्यांचं त्यांनाच."

पेजेतून आईचा वास का यायचा, ते याटाला तेव्हा कळलं. तिनं पोटावर हात ठेवला.

"याच्या घरचं बी कुठंय?" चीफनं विचारलं.

"माळ्यावर," वांडीची बायको म्हणाली. "दाणाही गेलेला नाही." तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. स्वतःच उठली, घरी गेली आणि लोंब्यांच्या जुड्या आणून याटाच्या मांडीवर ठेवल्या. "बाकीच्या घरांनाही देते. उरलं तर आम्ही पेरू."

चीफनं बूट काढायला लावले. वांडी अनवाणी पोलीस चौकीकडे चालू लागला.

याटानं एक लोंबी नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"पेरशील ना?" टेनेनं विचारलं.

"पेरेन," याटा म्हणाली. "पण याला दुसऱ्या घराचा वास आहे, मावशी. आई आता यायची नाही."