पाती थांबल्यावर

काम रोजचंच होतं. जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरल्या एका पवनचक्कीबद्दल तक्रार आली होती. पात्यांचा आवाज किती होतो, पात्याच्या नेमक्या कुठल्या भागातून निघतो, एवढंच मोजायचं. तक्रार करणारा क्रेस्टन चक्कीपलीकडच्या घरात राहायचा. बायको, इंगर, वारल्यापासून एकटाच.

आम्ही पोचलो तेव्हा तो कुंपणाशीच उभा होता.

"चक्कीवाल्यांनी धाडलंय?"

"नाही, पालिकेनं," मी म्हटलं.

"सगळे एकच. पात्याचा आवाज आहे असं लिहा नि चालते व्हा. दुसरं काही लिहिलंत तर बघून घेईन."

"म्हणजे कॉफी विसरा, बिर्गिट," माझा जोडीदार आइगिल पुटपुटला.

गवतावर फळ्या टाकून आम्ही मायक्रोफोन मांडले, मधोमध कॅमेरा ठेवला. लॅपटॉपच्या पडद्यावर चक्की दिसत होती, तिच्यामागे घर. आवाज जिथून येईल तिथं लाल डाग उमटतो. खाली येणाऱ्या पात्याच्या टोकाशी तो उमटत होता, विझत होता. सू... सू... असंच असायला हवं. कुजक्या शेवाळाचा वास घेऊन समुद्रावरून वारा येत होता, आणि उजेड उतरत चालला होता.

मग चक्की थांबवून नुसत्या परिसराचा आवाज मोजायचा असतो. आइगिलनं चक्कीवाल्यांना फोन केला. पाती मंदावली, थांबली.

आवाज थांबला नाही.

सू... आणि मध्येच अडकल्यासारखी घरघर. मी पडद्याकडे पाहिलं. डाग पात्यावर नव्हता. तो घराच्या माडीवरच्या खिडकीत होता.

"पातंच आहे ते." क्रेस्टन कधी मागं येऊन उभा राहिला, कळलंच नव्हतं. "लिही."

"पाती बंद आहेत..."

त्यानं माझं मनगट घट्ट पकडलं. "लिही म्हणतो ना."

आइगिल मध्ये पडला, तसा त्यानं हात सोडला. बराच वेळ तो पडद्याकडे पाहत राहिला.

"शेवटच्या हिवाळ्यात इंगर असाच श्वास घ्यायची," तो म्हणाला. "वाटलं, तुमच्या कागदावर पातं म्हणून आलं, तर रात्री डोळा तरी लागेल..."

डाग खिडकीतून खाली उतरला. अंगण ओलांडून शेतात आला. पडद्यावर मोठा होत होता. समोरच्या शेतात मात्र काहीच नव्हतं. घरघर अगदी जवळ येऊन थांबली. आइगिलनं माझी बाही धरली होती.

क्रेस्टन दोन पावलं पुढं गेला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ झाला.

"गारठा पडलाय, इंगर. चल घरात."

तो वळून चालू लागला, आणि पडद्यावर डाग दुभंगला. एक त्याच्या बरोबरीनं घराकडे निघाला. दुसरा जागचा हलला नाही. उलट, हळूहळू वाढत होता...

"क्रेस्टन," आइगिल कसाबसा म्हणाला, "आणखी एक राहिलाय इथं."

दार उघडून क्रेस्टन बाजूला झाला. कुणी आत जाईपर्यंत थांबावं, तसा थांबला. मग आमच्याकडे न बघता म्हणाला,

"तो आमच्यातला नाही."

आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.