थेंबभरही गळत नाही

मी गरम पाणी मागितलं होतं. त्याने दूध घातलेला चहा आणला.

"प्यायला नको," मी म्हणाले. "पाइप बुडवायचाय. मऊ झाला की नळीच्या तोंडावर सहज चढतो."

तो ट्रे धरून उभाच राहिला. "पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला नुसतं पाणी कसं द्यायचं?" मग पाइपाकडे बघून हळूच म्हणाला, "चहाही गरमच आहे… चालेल का?"

मला हसू आवरेना. चहा मी प्यायले, आणि पाइपासाठी त्याला पुन्हा पाणी उकळावं लागलं.

त्याचं नाव अझलान. पासिर रिसला नवव्या मजल्यावर आई आणि तो, दोघंच. आईचा गेलांगच्या बाजारात एपोक-एपोकचा गाळा, म्हणजे बटाट्याच्या तिखट करंज्यांचा. पहाटेपासून दोघं तिथे राबायचे. दुपारी दोनला हा मोकळा झाला की उरलेला दिवस काचेच्या टाकीसमोर. टाकीत नखाएवढ्या कोळंब्या, अंगावर लाल-पांढरे पट्टे. त्यांना लागतं तेवीस अंशांचं पाणी, आणि आमच्या सिंगापुरात उघड्यावरचं पाणी एकतीसच्या खाली यायला तयार नसतं. एप्रिलच्या उकाड्यात निम्म्या दगावल्या होत्या. आईचं म्हणणं, ज्या खायच्या नाहीत त्या कोळंब्या हव्यात कशाला?

म्हणून पाणी गार करणारा चिलर आला, आणि तो बसवायला मी आले.

एकटीचं हे माझं पहिलंच काम. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कंबर धरली नसती तर हत्यारांची पिशवी त्यांनी माझ्या खांद्यावर दिलीच नसती. दोन महिने बघू, म्हणाले होते. एकाच घरातून दोन तक्रारी आल्या, तर पिशवी चुलतभाऊ हैरुलकडे, आणि मी पुन्हा आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गल्ल्यावर, गिऱ्हाइकांना मासे बांधून देत. हैरुलला आटा उजवा की डावा ते अजून कळत नाही, पण तो मुलगा आहे ना.

तर मी जीव ओतून काम केलं. फिल्टरमधून निघणारा पाइप मध्येच कापला आणि पाणी आधी चिलरमध्ये फिरून मग टाकीत पडेल असा जोडला. चिलर कपाटात कोंडायचा अझलानचा बेत होता, तो मी हाणून पाडला. स्वतःचीच गरम हवा ओढत बसला तर पाणी गार कसलं करणार? चारही जोडांना पाइप घट्ट धरणारे क्लॅम्प लावले आणि पान्याने आवळले. स्क्रूच्या डोक्यावर खाच असते, पण तिला मी कधी हात लावत नाही. तिथे हत्यार घसरतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"रोज एकेक अंश उतरवा," मी त्याला सांगितलं. "एकदम गारठवलं तर कोळंब्यांना सोसणार नाही. आठ दिवसांत तेवीस होईल."

"आणि नाही झालं तर?"

"तर फोन करा."

"आणि झालं तर?"

"तर कशाला कराल?"

 मान खाली घालून तो चिलरच्या आकड्याकडे बघत राहिला… कान मात्र लाल झाले होते.

नवव्या दिवशी दुकानात फोन आला. आबांनी घेतला. पाइप गळतोय म्हणे. म्हणजे पहिली तक्रार.

जाऊन बघते तर एक क्लॅम्प दोन फेरे सैल. आवळला, फरशी पुसली, माफी मागितली. निघणार तर त्याने बसवून घेतलं. आई बाजारात होती, स्वयंपाकघराच्या ओट्यावर उद्याच्या करंज्या अर्धवट पडलेल्या. बोलता बोलता तो कडेला मुरड घालत होता, आणि बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. त्याची बोटं इतकी हलकी चालत होती की मी बघतच राहिले.

"एवढी नाजूक मुरड घालतोस," मी म्हणाले, "आणि घरातला एक क्लॅम्प आवळता येत नाही?"

"येतो की. पण…"

"पण काय?"

"अजून एक घे, तळलेली आहे."

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. समोरच्या बाईंनी दोनदा वळून बघितलं.

आठवड्याने पुन्हा फोन. पिशवी दुकानातल्या खुंटीवरच ठेवून मी नुसता पाना घेऊन गेले. तोच जोड, तोच क्लॅम्प. या वेळी मात्र मी नीट निरखलं. स्क्रूची खाच चकचकत होती आणि तिच्या दोन्ही कडांवर ओरखडे होते, नाण्याने उठतात तसे जाड. मी वर बघितलं. अझलान टाकीतल्या कोळंब्या मोजण्यात भलताच गढून गेला होता.

खरं सांगते, मला राग आला नाही. आधी गुदगुल्याच झाल्या. माझ्यासाठी कुणी आपल्या घराच्या फरशीवर पाणी सांडतंय! क्लॅम्प मी मुकाट्याने आवळला आणि तरंगतच दुकानात आले.

खुंटी रिकामी होती.

"पिशवी हैरुलकडे दिली," आबा म्हणाले. "तुझा हात हलका आहे, पोरी. गल्ल्यावर बस." ते रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. पण मायेने बोलले. आता काय सांगू? गिऱ्हाईक मुद्दाम सैल करतंय? कामचुकाराची सबब वाटली असती. आणि का सैल करतंय, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते?

मी मागच्या टाक्यांपाशी जाऊन अझलानला फोन लावला.

"कुठलं नाणं वापरलंस?"

 "…वीस सेंटचं."

"त्या नाण्यापायी माझी पिशवी गेली," मी म्हणाले. सगळं सांगितलं, फोन ठेवला आणि रडले. आवडायला लागलेल्या माणसानेच पायावर धोंडा टाकला होता, आणि तरीही तो आवडतच होता. याचाच जास्त संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी तो दुकानात आला. केसांत पीठ. सरळ आबांसमोर गेला आणि नाणं गल्ल्यावर ठेवलं.

"पाकचिक," काकांना म्हणतात तसं तो म्हणाला, "क्लॅम्प मी सैल केला होता. दोन्ही वेळा."

आबांनी नाण्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "का?"

"ती म्हणाली होती, बिघडलं तर फोन करा." त्याने नाणं बोटाने पुढे सरकवलं. "पण बिघडतच नव्हतं. इतकं चांगलं काम केलं होतं तिने… बिघडतच नव्हतं."

 हैरुलने पिशवी आपणहून खांद्यावरून उतरवली. आबांनी ती घेऊन माझ्यापुढे ठेवली.

"तुला ओरखड्यांवरून कळलंच असेल."

"हो, आबा."

"मग बोलली का नाहीस?"

मी नाणं उचलून मुठीत धरलं. आबांना जे कळायचं ते कळलं. "लोक मुलीला मागणी घालायला विड्याची पानं घेऊन येतात," ते त्याला म्हणाले, "हा गडी वीस सेंट घेऊन आलाय. पुढच्या वेळी पानं आण, आणि आईलाही. घाई नाही."

मी त्याला दुकानाबाहेर गाठलं. "माझ्या कामाला पुन्हा हात लावलास तर बघ."

"नाही लावणार." मग थांबून म्हणाला, "मला तू आवडतेस, नादिरा. हे क्लॅम्पला हात न लावता सांगायला हवं होतं."

"हवंच होतं."

"आता सांगितलं."

"आता ऐकलं," मी म्हणाले, आणि हसू दिसू नये म्हणून घाईने आत वळले.

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. दुकानातला नव्हे, माझा.

"गळतंय?" मी विचारलं.

"थेंबभरही नाही. पाणी तेवीसवर आहे. एका कोळंबीच्या पोटाखाली अंडी दिसतायत."

"मग फोन कशाला केलास?"

"असाच…" तो म्हणाला. "चहा टाकलाय. येतेस?"

खुंटीवर माझी पिशवी होती. ती तिथेच राहू दिली आणि मी निघाले.