आखाजीची दुसरी घागर

भुतं रात्रीच येतात, हे कुणी सांगितलं?

ही गोष्ट भर दुपारची आहे. आणि खरी आहे.

माझ्या सासूबाई कोकिळाबाई यांच्या डोळ्यांदेखत घडलेली. सासूबाईंना तिखटमीठ लावून बोलायची सवय नव्हती. भाजी अळणी झाली तर पाहुण्यांसमोर "मीच विसरले" म्हणून मोकळी होणारी बाई. त्यामुळे मला विश्वास ठेवावा लागतो. नाइलाजानं का होईना, ठेवते.

साल १९४८. बुऱ्हाणपूर, स्टेशनाजवळचं लालबाग. दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा.

आमच्याकडे आखाजीला पितर घरी येतात. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरायची. गव्हाच्या राशीवर मांडायची. तिच्या तोंडावर आंबा नाहीतर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं. मग निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. गेलेला माणूस येतो, पाणी पितो, तृप्त होऊन जातो.

एका मेलेल्यामागे एक घागर. हा साधा नियम आहे, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो.

त्या वर्षी कोकिळा सासरहून, निंबोल्याहून, माहेरी आली होती. वडील, विनायकराव मास्तर, थंडीत वारले होते. घरात उरली आई मथुराबाई आणि धाकटा भाऊ लीलाधर.

लीलाधर पायलट होता. लढाईच्या काळात विमान चालवायला शिकला होता. सगळं लालबाग त्याला 'विमानवाला' म्हणायचं. त्याला एक खोड होती. घड्याळ दिसो, पाण्याचा तांब्या दिसो, तो नखानं वाजवायचा. टक... टक टक. आधी एक, मग जरा थांबून दोन.

"विमानात काटे असतात माय," तो सांगायचा. "कधी कधी अडकतात अन् खोटं सांगतात. काचेवर टिचकी मारून त्यांना जागं करावं लागतं."

"घरातले तांबे जागेच आहेत," मथुराबाई म्हणायच्या. "त्यांना नको छळू."

लढाई संपली तशी फौजेतली नोकरीही संपली. आता त्याच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या.

एक कलकत्त्याची. लढाईतली जुनी विमानं घेऊन माल वाहणारी कंपनी. कापडाच्या गाठी, औषधं, यंत्रांचे सुटे भाग. वेळीअवेळी उडायचं, गोणपाटाच्या वासात दिवस काढायचे.

दुसरी दूरच्या एका लहानशा संस्थानातली. तिथल्या महाराजांचं स्वतःचं विमान होतं. आत मखमली खुर्च्या, चांदीचे पेले. महाराज निघतील तेव्हा उडायचं, एरवी बंगल्यात राहायचं.

आखाजीच्या संध्याकाळी त्याला निघायचंच होतं. भुसावळकडची गाडी धरली तर कलकत्ता. खांडव्याकडची धरली तर महाराज. आणि त्याचं काही केल्या ठरत नव्हतं.

"माल बरा असतो अक्का," तो कोकिळेला म्हणाला. "वजन सांगतो अन् गप पडून राहतो. महाराज गप नाही राहत. वारा असो, वादळ असो, 'चलो' म्हटलं की चलो. नाही म्हणणारा पायलट दुसऱ्या दिवशी घरी."

"मग जा ना कलकत्त्याले."

"थकलो गं. ती विमानं म्हणजे खटारे आहेत. माझे दोन दोस्त त्यातच गेले."

आईचा जीव मात्र महाराजांत अडकला होता. "मास्तरांचा पोरगा हमाली करीन का? राजाचं मीठ खा. इज्जतीनं रहा."

"राजांचंच काही खरं नाही माय. संस्थानं एकेक करून विलीन होऊन राहिली. उद्या राजाच नाही उरला तर मी उडवू कोणाले?"

कोकिळेला इज्जतही नको होती आणि चांदीचे पेलेही. तिला फक्त भाऊ जिवंत हवा होता. बापाला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. घरातून आणखी कुणी जाणं तिला सोसणार नव्हतं.

शेवटी मथुराबाईंनी स्वतःच्या डोक्यानं एक युक्ती काढली. आणि तिथंच घात झाला.

सकाळी गोदाबाई कुंभारीण घागरी घेऊन आली. मथुराबाईंनी दोन उचलल्या.

गोदाबाई थबकली. "येक मास्तरांची. अन् दुसरी कोनाची वो मथुराबाई?"

"दोन्ही त्यांच्याच. त्यांना विचारायचं आहे काही."

"असं नसते करत. घरातून येक गेलं त येकच घागर. बिना नावाची घागर भरू नका."

"तू घागरी वीक गोदा. पुराण नको सांगू."

 गोदाबाई जाताना उंबऱ्याला हात लावून गेली.

मधल्या खोलीत दोन घागरी मांडल्या गेल्या. एकीवर डांगर. ती मालाच्या नोकरीची. दुसरीवर आंबा. ती महाराजांची. मथुराबाईंनी आगारी टाकली, पदर पसरला. "पोराले कुठं धाडू ते सांगा. ज्या नोकरीत त्याचं भलं, त्या घागरीतलं पाणी घ्या."

मांजर शिरू नये म्हणून कोकिळेनं दाराला बाहेरून कडी लावली.

जेवणं झाली. बुऱ्हाणपूरचा वैशाख तो, बाहेर नुसती आग ओतत होती. मथुराबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पेंगल्या. लीलाधर ओसरीत बाजेवर झोपला. कोकिळा त्याच्या उशाशी पंखा हलवत बसली.

बाहेर निंबाला झोके बांधले होते. पोरी आखाजीची गाणी म्हणत होत्या.

मग गाणी थांबली...

झोक्याच्या दोराची करकर थांबली. वारा पडला. सकाळपासून छपरावर ओरडणारा कावळाही गप्प झाला. ती शांतता कोकिळेला अजिबात आवडली नाही.

आणि मधल्या खोलीतून आवाज आला...

पावलांचा. बुटांचा. आत पाणी भरलेले बूट चालताना वाजतात तसा. पचक... पचक...

आणि मग...

टक... टक टक.

कोकिळा कपाळाला हात लावून हसली. उठला वाटतं हा, लागला घागर वाजवायला. "लीला, बाबांच्या पाण्याले हात नको लावू," ती ओरडली.

ओरडली आणि तिचं लक्ष आपल्याच हाताकडे गेलं.

हातात पंखा होता. पंख्याखाली लीलाधर होता. तोंड किंचित उघडं, गाढ झोपलेला.

टक... टक टक.

दाराची कडी तशीच होती. तिनं ती काढली.

आत कुणी नव्हतं.

सारवलेल्या जमिनीवर ओले ठसे होते. बुटांचे. मागच्या भिंतीपासून निघाले होते, आंब्याच्या घागरीपाशी येऊन संपले होते. परतीचे ठसे नव्हते.

आंबा घागरीच्या तोंडावर जसाच्या तसा होता. तिनं तो उचलून आत पाहिलं. घागर कोरडी ठणठणीत. तिच्याखालच्या गव्हात तिनं हात घातला. गहूही कोरडा.

डांगराच्या घागरीतलं पाणी जेमतेम दोन घोट उतरलं होतं. मास्तर जेवणानंतर प्यायचे तेवढंच. पण त्या दोन घोटांकडे कुणाचं लक्ष जाणार?

तिच्या किंकाळीनं दोघं धावत आले. तोवर त्या उन्हाळ्यानं ठसे टिपून घेतले होते. उरली रिकामी घागर.

मथुराबाईंना रडू फुटलं. आनंदानं. "प्यायले! माझा माणूस आला अन् सगळं पाणी प्यायला!"

"आत बुटांचे ओले ठसे होते माय. बाबांनी जन्मात कधी बूट घातले का?" कोकिळा म्हणाली. "अन् ती टकटक बाबांची नव्हती. आपल्या लीलाची होती."

"नवी घागर पाझरते अक्का," लीलाधर हसत म्हणाला. त्यानं खाली वाकून गव्हात हात घातला...

त्याचं हसू मावळलं. थोडा वेळ तो हातातल्या कोरड्या दाण्यांकडे पाहत राहिला. मग हात झटकून उठला.

"चला. बाबांनीच ठरवलं तर मी कशाले डोकं चालवू?"

ठरवायचा कंटाळा आलेल्या माणसाला दुसऱ्यानं ठरवलेलं किती गोड लागतं.

संध्याकाळी कोकिळा स्टेशनवर गेली. खांडव्याची गाडी उभी होती. तिनं त्याचा हात धरला. "माझं ऐक. भुसावळची गाडी येऊन राहिली. तिच्यात बस. दोन घागरी भरल्या आपण. एक बाबांची. दुसरीचं पाणी कोण प्यायलं?"

"अक्का, तू पण ना..."

गाडी हलली. खिडकीआडून त्यानं काचेवर नख वाजवलं. टक... टक टक. तो नेहमी असाच निरोप घ्यायचा. त्या दिवशी कोकिळेनं दोन्ही कान झाकून घेतले.

पुढचे काही महिने बरे गेले. पत्रं यायची. महाराज मजेत आहेत, बंगल्यात मोर येतात. मथुराबाई ती पत्रं गल्लीभर वाचून दाखवायच्या.

मग ते संस्थानही विलीन झालं.

दिवाळीनंतर एक माणूस लालबागला आला. सुकलाल नाव. महाराजांची मोटार चालवायचा. ओट्यावर बसला आणि बराच वेळ नुसता रडला.

सरकारी अधिकारी वाड्यातल्या चीजवस्तूंची मोजदाद करायला येणार होते. त्याआधी महाराजांनी पेट्या हलवायला काढल्या. विमानातल्या मखमली खुर्च्या उपटून फेकल्या आणि आत पेट्या भरल्या. छतापर्यंत.

"भैया ने हाथ जोडे," सुकलाल म्हणाला. "बोले, सरकार, वजन बहुत है, नहीं उठेगा. सरकार ने बस इतना कहा... चलो."

विमान उठलं. समुद्राच्या खाडीवर गेलं आणि खाली बसलं.

फुटलेल्या पेट्या तरंगत काठाला लागल्या. लीलाधर सापडला नाही.

ज्या हमालीला नको म्हटलं, शेवटी तीच नशिबी आली. आणि तीही मुक्या मालाची नाही, 'चलो' म्हणणाऱ्या मालकाची.

पुढची आखाजी आली. मथुराबाई पोराच्या नावानं घागर भरू देईनात. "त्याले मेलेलं पाहिलं कोणी? येईन तो." त्या दारातच बसून राहायच्या.

गोदाबाई आली. कुणी काही सांगायच्या आत तिनं दोन घागरी ओट्यावर ठेवल्या. या वेळी तिनं विचारलं नाही.

कोकिळेनं आईला न जुमानता दोन्ही भरल्या. एक बाबांच्या नावानं. एक लीलाधरच्या, आंबा ठेवून. आगारी टाकली. कडी लावली. आणि दाराशी कान देऊन बसली.

गेल्या वर्षी ज्या आवाजानं तिचं रक्त गोठलं होतं, त्याच आवाजासाठी ती आता देवाची विनवणी करत होती. ये रे बाबा. एकदा वाजव. दोन घोट पी अन् जा.

दुपार कलली. पोरींची गाणी चालूच राहिली. झोके करकरत राहिले.

आत काहीच वाजलं नाही.

तिनं दार उघडलं. बाबांच्या घागरीतलं पाणी दोन घोट उतरलं होतं. लीलाधरची घागर काठोकाठ भरलेली होती. एक थेंब कमी नाही.

 कोकिळेला सगळं उमगलं. तो आता येणार नव्हता. पाण्यात बुडालेला पोर, तहानलेला, आपल्या घरी वर्षभर आधीच येऊन गेला होता. त्याच्या नावाची घागर आईनं तेव्हाच भरली होती, आणि तो ती पिऊन गेला होता.

सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आखाजीला घागरी मी भरते. लीलामामांचीही भरते.

नवी माती पाझरतेच. बाकीच्या घागरींखालचा गहू दरवर्षी ओला होतो.

त्यांच्या घागरीखालचा कधीच होत नाही. पाणी सकाळी जिथं असतं, संध्याकाळीही तिथंच असतं... आणि ते मी झाडाला घालते.